बॅटरीवरचे लेबल आणि प्लस टर्मिनलची बाजू

नवी बॅटरी घ्यायला निघण्यापूर्वी जुनीच्या लेबलावरची धूळ पुसून त्याचा फोटो काढावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बॅटरी गाडीत असतानाच तिचे प्लस टर्मिनल कोणत्या बाजूला आहे, हे दिसेल असा दुसरा फोटो काढावा. मागच्या खेपेस तेवढाच काढायचा राहिला आणि सगळी मापे जुळूनही बॅटरी परत करावी लागली.

जपानी पद्धतीच्या लेबलावर, समजा, ५५बी२४एल असे लिहिलेले असेल, तर ५५ हा कामगिरीचा क्रमांक आहे. त्याला अँपिअर-तास समजू नये. बी हा रुंदी-उंचीचा वर्ग आणि २४ ही सेंटिमीटरमधील ढोबळ लांबी. बी२४ आणि डी२३ लांबीला जवळपास सारख्या असल्या, तरी पहिलीची रुंदी सुमारे १२९ मिलिमीटर आणि दुसरीची सुमारे १७३, त्यामुळे एकीच्या ट्रेमध्ये दुसरी नीट बसत नाही. शेवटी एस असेल तर टर्मिनल जाड असतात. बारीक टर्मिनलचा क्लॅम्प त्यांच्यावर चढत नाही.

आता ते एल. एल म्हणजे प्लस डावीकडे, असे गृहीत धरून कोणी दुकानात जाऊ नये. हे अक्षर बॅटरीच्या प्लसकडच्या आखूड बाजूने पाहून ठरवलेले असते. टर्मिनल आपल्याकडे येतील असे लांब बाजूसमोर उभे राहिले, तर एल बॅटरीचे प्लस उजवीकडे आणि आर बॅटरीचे डावीकडे दिसते. अमेरिकी पद्धतीत बॅटरीचे माप गट-क्रमांकाने सांगतात; त्या क्रमांकापुढच्या आर चा अर्थ आणखी वेगळा, म्हणजे त्या गटाच्या मूळ मांडणीच्या उलट. स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाड्यांच्या एम-४२ सारख्या जपानी लेबलावर एलसाठी अक्षरच नसते, फक्त आर लिहिलेला असतो. म्हणूनच अक्षरावर विसंबू नये, फोटो दाखवावा. चुकीच्या बाजूची बॅटरी आणली की केबल पोहोचत नाही. मग बॅटरी फिरवून बसवण्याचा मोह होतो आणि प्लस टर्मिनल एखाद्या धातूच्या भागाला टेकण्याची भीती निर्माण होते. त्याच घाईत केबलची अदलाबदल झाली, तर अल्टरनेटरमधील (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रातील) डायोड जळू शकतात.

युरोपीय पद्धतीत ५६० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे १२ व्होल्ट आणि ६० अँपिअर-तास. एलएन२ हे माप २४२ × १७५ × १९० मिलिमीटरचे आहे. तेथे टर्मिनलच्या मांडणीसाठी आकडा असतो: ० म्हणजे प्लस उजवीकडे आणि १ म्हणजे डावीकडे, अर्थात टर्मिनल आपल्याकडे ठेवून पाहिले असता. तरीही फोटो पाहावाच.

थंडीतील स्टार्टिंग करंटचे आकडे एकाच मानकातले असतील तरच त्यांची तुलना करावी. उत्पादनाची तारीख पाहावी. बॅटरी जागेवर घट्ट धरणारी पकडपट्टी बसते का, तेही पाहावे. केबल काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. पैसे देण्यापूर्वी नवी बॅटरी फोटोशेजारी धरून प्लसची बाजू एकदा ताडून घ्यावी.