खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी मध्यम आकाराची सेंटर कन्सोल बोट कशी निवडावी

पहाटे पाच वाजता न्यू जर्सीच्या मनास्क्वान इनलेटमधून, म्हणजे समुद्रात जायच्या मुखातून, बाहेर पडताना कुठलीही बोट चांगलीच वाटते. वारा पडलेला असतो, पाणी सपाट असतं, सगळ्यांच्या अंगात उत्साह असतो. बोटीची परीक्षा दुपारी दोननंतर होते. दक्षिणेचा वारा सुटलेला असतो, तीन-चार फुटांच्या लाटा बाजूने आदळत असतात, माणसं दमलेली असतात आणि किनारा अजून पंचवीस मैल लांब असतो. बोट निवडायची ती या परतीच्या दोन तासांसाठी. बोट-शोमध्ये चकचकीत बोटीवर चढलात तरी हे दोन तास विसरू नका.

सेंटर कन्सोल म्हणजे सुकाणू, गिअर आणि सगळी उपकरणं बोटीच्या मधोमध, आणि चहूबाजूंनी मोकळा डेक. ट्यूना (आपला कुपा त्याच कुळातला) गळाला लागला की बोटीभोवती फेऱ्या मारतो, तेव्हा रॉड धरलेल्या माणसालाही न अडखळता पूर्ण फेरी मारता यावी लागते. मध्यम आकार म्हणजे साधारण 23 ते 28 फूट. इथल्या मराठी मित्रमंडळींत वर्षाला दोन-तीन जण तरी अशी बोट घ्यायचा विचार करतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी अंतर ठरवा

बोट बघायला जाण्याआधी चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, उघडा. मनास्क्वानहून ‘मड होल’ हे मासेमारीचं ठिकाण दहा-पंधरा मैलांच्या टप्प्यात येतं. हडसन कॅन्यन, म्हणजे समुद्रतळाची खोल दरी, मात्र सुमारे 80 मैलांवर आहे. ही दोन वेगळी स्वप्नं आहेत आणि त्यांना दोन वेगळ्या बोटी लागतात.

इंधनाचा जुना नियम पाळा: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. समजा टाकी 150 गॅलनची आहे आणि शांत पाण्यात गॅलनला 2 मैल पडतात. जाण्यासाठीच्या 50 गॅलनमध्ये 100 मैल, म्हणजे कॅन्यन सहज, असं कागदावर दिसतं. पण समुद्र खवळला आणि गॅलनला 1.4 मैल पडू लागले की त्याच 50 गॅलनमध्ये जेमतेम 70 मैल होतात. दिवसभर आमिष ओढत फिरण्यात जळलेलं पेट्रोल त्यात धरलेलंच नाही. माझं स्पष्ट मत: 25 फुटी बोटीने 40 मैलांच्या आत राहावं. कॅन्यनला जायचंच असेल तर मोठ्या चार्टर बोटीवर पैसे भरून जा.

मग तळ बघा

लोक लांबी विचारतात. मी आधी डेडराईज विचारतो, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीपाशी, ट्रान्समपाशी, तळ किती अंशांनी तिरका आहे ते. 21 ते 24 अंशांचा खोल ‘व्ही’ लाट कापत जातो. 17-18 अंशांचा तळ खाडीत छान स्थिर असतो, पण समोरून लाट आली की धपाधप आपटतो आणि कंबर मोडते. रे हंट यांनी आखलेली खोल ‘व्ही’ तळाची ‘मोपी’ 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात पहिली आली. आज खोल समुद्रात जाणाऱ्या बहुतेक बोटींमध्ये त्याच तळाचा वारसा आहे.

खोल ‘व्ही’ची किंमतही मोजावी लागते. थांबलेल्या अवस्थेत ती जास्त डोलते. ज्यांना बोट लागते अशी माणसं सोबत असतील तर हे आधीच ध्यानात घ्या.

रुंदीचा प्रश्न ट्रेलरशी जोडलेला आहे. अमेरिकेत परवान्याशिवाय रस्त्यावरून नेता येते ती साधारण 8.5 फुटांपर्यंतची बोट. त्यापेक्षा रुंद बोट पाण्यात सुखाची, पण मग मरिनाचं भाडं पक्कं. घरासमोर ठेवायची असेल तर बोट, इंजिन, ट्रेलर आणि भरलेली टाकी (150 गॅलन म्हणजे जवळपास 900 पौंड) असं सगळं वजन जोडून मगच आपल्या पिकअपची ओढण्याची क्षमता बघा.

आणखी एक प्रश्न विक्रेत्याला विचाराच: पाणी भरलं तर ही बोट तरंगेल का? आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन) लावलेल्या 20 फुटांखालच्या बोटी पाणी भरल्यावरही आडव्या तरंगत राहाव्यात, अशी अमेरिकन कायद्याची सक्ती आहे. त्याहून मोठ्या बोटींना ती नाही. काही कंपन्या तरीही पोकळीत फोम भरतात. मी त्यासाठी जास्त पैसे दिले आणि पुन्हाही देईन.

एक इंजिन की दोन?

या वादात रात्री सरतात. 25 फुटी बोटीवर एक 300 अश्वशक्तीचं इंजिन किंवा 150 ची दोन, हे नेहमीचे पर्याय. दोन इंजिनांचं वजन मागे सुमारे 400 पौंडांनी वाढतं, देखभाल दुप्पट होते. आणि एक बंद पडलं तर उरलेलं 150 भरलेल्या बोटीला बहुतेक वेळा प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलून धावण्याच्या वेगात, आणू शकत नाही, तुम्ही सहा-सात नॉट्सने घरी येता. पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर एकाच टाकीवरची दोन्ही इंजिनं बसतात. 40 मैलांच्या आत मी एकच नवं, नीट सांभाळलेलं इंजिन, चांगला फ्युएल फिल्टर आणि टोइंगची (बंद पडलेली बोट ओढून आणण्याची) वार्षिक सदस्यता यांवर भरवसा ठेवतो.

डेकवर उभे राहा

काठाला टेकून उभे राहा आणि मासा वर ओढायला वाकल्यासारखे वाका. काठ मांडीच्या वरच्या भागाला टेकला पाहिजे. गुडघ्याशी असेल तर लाटेत तोल जातो. काठाखाली पावलं सरकवायला जागा हवी. मासे ठेवायच्या पेटीला जाड इन्सुलेशन आहे का, तिचं पाणी थेट बाहेर जातं का, हे झाकण उघडून बघा. मग दोन-तीन मित्रांना एकदम मागच्या कोपऱ्यात उभं करा आणि स्कपरकडे, म्हणजे डेकवरचं पाणी बाहेर जायच्या भोकांकडे, बघत राहा. पाणी उलटं आत आलं तर मासा लागल्यावर सगळे मागे धावतील तेव्हा काय होईल ते कळलंच.

जुनी बोट असेल तर सर्व्हेयर

माझी पहिली पसंती एक 23 फुटी जुनी बोट होती. नवा रंग, नव्या गाद्या, विकणारा गोड बोलणारा. सर्व्हेयरने, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाने, खिशातून छोटी प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी काढली आणि ट्रान्समवर ठोकत गेला. टक, टक, टक असा कोरडा आवाज. इंजिनाच्या बोल्टखाली येताच आवाज बदलला: थप. तो पुन्हा वर गेला, टक. खाली, थप. ओलावा मोजायच्या यंत्राने तेच सांगितलं. फायबरग्लासच्या आतलं प्लायवूड पाणी पिऊन कुजलं होतं, आणि त्याच भिंतीवर पाचशे पौंडांचं इंजिन टांगलेलं होतं. सर्व्हेचे पैसे गेले, बोट वाचली नाही, मी वाचलो.

म्हणून दलालाने सुचवलेला नको, आपण शोधलेला मान्यताप्राप्त सर्व्हेयर घ्या. डेकखालची ॲल्युमिनियमची टाकी तपासायला सांगा. ती गंजली तर बदलायला डेक कापावा लागतो. इंजिनाच्या संगणकातून तास काढून घ्या. ट्रान्समवर उजवीकडे कोरलेल्या 12 अक्षर-अंकांच्या क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात, ते जाहिरातीशी जुळतात का पाहा.

वाऱ्याच्या दिवशी चालवा

चाचणीसाठी सपाट पाण्याचा दिवस घेऊ नका. एनओएए या अमेरिकेच्या हवामान-सागर संस्थेच्या 44025 क्रमांकाच्या बॉयचं (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राचं) वाचन बघा, आणि लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही वाचा. नऊ सेकंदांनी येणारी तीन फुटी लाट पाळण्यासारखी, चार सेकंदांनी येणारी तेवढीच लाट हाडं खिळखिळी करणारी. दुसऱ्या प्रकारच्या दिवशी, पण झेपेल इतक्याच वाऱ्यात, जा.

लाटेच्या समोर, आडवं आणि लाट पाठीवर घेऊन, तिन्ही प्रकारे चालवा. मग वेग हळूहळू कमी करत बोट किती कमी वेगापर्यंत प्लेनवर टिकते ते नोंदवा. विक्रेता कमाल वेग दाखवेल, पण परतीच्या त्या दोन तासांत तुम्ही 15-16 नॉट्सवरच असणार आहात. 20 च्या खाली जी बोट बसकण मारते, ती तुम्हाला एकतर आपटवते नाहीतर रेंगाळवते. शेवटी इंजिन बंद करून वीस मिनिटं आडव्या लाटेत वाहू द्या. सोबत नेहमी येणार असलेलं माणूस या चाचणीला असलंच पाहिजे. माझ्या बायकोने दोन बोटी याच वीस मिनिटांत नाकारल्या आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं.

पैसे देण्याआधी

व्हीएचएफ रेडिओ, 406 मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात उपग्रहाला हाक देणारं यंत्र) आणि प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट यांचा खर्च बोटीच्याच बजेटमध्ये धरा. 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बोटीवर प्लेनवर असताना इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याने अडकवणं बंधनकारक आहे. ती दोरी जागेवर आहे का आणि ओढल्यावर इंजिन खरंच बंद पडतं का, ते चाचणीतच बघा. न्यू जर्सीत बोट चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, आणि अटलांटिकमध्ये ट्यूना धरायचा असेल तर बोटीच्या नावाने एनओएएचा वेगळा परवाना. तो ऑनलाइन मिळतो, पहिल्या फेरीच्या आधी काढून कन्सोलमध्ये ठेवा.