मातीतील जड धातू कसे मोजावेत: आम्लात उतरवण्याची पायरी नीट सांभाळून

मातीतील धातू मोजण्याविषयी जे मार्गदर्शन सहज हाती लागते, त्यात बहुतेक जागा यंत्राने, म्हणजे ज्योतीत फवारलेल्या द्रावणातील धातू दिव्याचा किती प्रकाश शोषतो हे मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्राने, व्यापलेली असते: कोणता दिवा लावावा, कोणती तरंगलांबी निवडावी, ज्योत कशी असावी. ही माहिती आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु इतकी वर्षे हे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की आकडा चुकतो तो नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच. यंत्र समोर आलेल्या द्रावणात काय आहे तेवढेच सांगते. मातीतील धातू त्या द्रावणात पूर्णपणे उतरला होता की अर्धा बीकरच्या तळाशी चिकटून राहिला होता, हे त्याला कधीच कळत नाही.

पुढील पद्धत शिसे, तांबे, जस्त, निकेल, कॅडमियम आणि क्रोमियम यांच्यासाठी आहे. मुलामा देण्याच्या कारखान्यातील गाळातून किंवा भट्टीच्या मळीतून (स्लॅगमधून) तांबे अथवा निकेल परत मिळवायचे असेल, तर त्यात ते मुळात किती आहे हे ठरवण्यासाठीही हीच पद्धत चालते. फक्त अशा पदार्थात धातू पुष्कळ असल्याने १ ग्रॅमऐवजी पाव ग्रॅम नमुना घ्यावा आणि द्रावण अधिक विरल करावे. पारा या पद्धतीने मोजू नये. तो उष्णतेने उडून जातो, त्यामुळे त्याचा नमुना वाळवण्यापासूनच वेगळा हाताळावा लागतो. हे सर्व काम फ्यूम हूड, म्हणजे विषारी वायू बाहेर ओढून नेणारे कपाट, असलेल्या प्रयोगशाळेतच करावे. घरात, गच्चीवर किंवा उघड्या शेडमध्ये ते करण्याचा विचारही करू नये.

नमुना गोळा करणे

जागेत नागमोडी चालत वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरातील माती दहा-पंधरा ठिकाणांहून घ्यावी, एकत्र मिसळावी आणि चौथाई पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत, अर्धा किलोपर्यंत कमी करावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि रंग लावलेले फावडे वापरू नये. गाळाचा डाग दिसत असेल, तर तो बाकीच्या मातीत न मिसळता वेगळ्या पिशवीत घ्यावा.

वाळवणे, चाळणे, दळणे

माती सावलीत किंवा ४० अंश सेल्सिअसच्या आत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढावी. चाळणी नायलॉनची असावी. पितळी चाळणीतून तांबे आणि जस्त दोन्ही मातीत जातात. बहुतेक मार्गदर्शक लेख येथे थांबतात आणि चाळलेल्या मातीतून थेट १ ग्रॅम वजन करायला सांगतात. हा सल्ला मला मान्य नाही, आणि त्याचे कारण साधा हिशोब आहे. अर्धा मिलिमीटर व्यासाचा शिशाचा एक कण सुमारे ०.७४ मिलिग्रॅम भरतो. तो एक कण १ ग्रॅमच्या वजनात आला, तर त्या मातीत किलोला ७४० मिलिग्रॅम शिसे दिसेल. नाही आला, तर तीच माती स्वच्छ ठरेल. म्हणून चाळलेल्या मातीचा प्रातिनिधिक भाग अकीकाच्या खलात १५० मायक्रॉनपेक्षा बारीक होईपर्यंत घोटावा. पोलादी दळणयंत्रातून लोखंडाबरोबर क्रोमियम, निकेल आणि मँगनीजही येतात, आणि त्यांतील क्रोमियम व निकेल तर आपल्याला मोजायचेच असतात. घोटताना एखादा कण न फुटता चपटा होत असेल, तर तो धातूचाच कण आहे असे समजावे. तो वेगळा काढून त्याचे वजन नोंदवावे आणि अहवालात तसे लिहावे.

बारीक मातीचा दुसरा लहान भाग १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा काढावा, कारण शेवटचा आकडा कोरड्या मातीवरच द्यायचा असतो.

धातू आम्लात उतरवणे

ज्याला प्रयोगशाळेत डायजेशन म्हणतात, ती ही पायरी. सुरुवातीची काही वर्षे माझे बहुतेक काम याच पायरीवर बिघडत होते. एकाच पिशवीतील मातीचे तीन बीकर मी एकाच वेळी हॉटप्लेटवर ठेवत असे आणि एका बीकरमधील शिसे दुसऱ्याच्या दीडपट येत असे. मी यंत्र तपासले, प्रमाणित द्रावणे (धातूचे प्रमाण माहीत असलेली, ज्यांच्याशी वाचन ताडून पाहतात ती) नव्याने बनवली, दिवा बदलला. फरक मात्र तसाच राहिला. कारण अखेरीस हॉटप्लेटवर सापडले, आणि ते सापडायला इतका काळ लागला याचे एकमेव कारण म्हणजे मी प्लेटच्या बटणावरील आकड्यावर विश्वास ठेवला होता.

आधी योग्य क्रम सांगतो. १.००० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या उंच बीकरमध्ये किंवा डायजेशनच्या नळीत घ्यावी आणि अर्धा-एक मिलिलिटर शुद्ध पाण्याने भिजवावी. भिजवणे वगळू नये. कोरडी बारीक माती आम्ल पडताच उडते. त्यावर ७.५ मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मग २.५ मिलिलिटर संहत नायट्रिक आम्ल सावकाश घालावे. तीनास एक या प्रमाणातील हे मिश्रण म्हणजे आम्लराज. ते आधी बनवून बाटलीत भरून ठेवण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती धोकादायक आहे, कारण मिश्रणातून क्लोरीन आणि नायट्रोसिल क्लोराइड हे वायू सतत निघत राहतात आणि घट्ट झाकलेली बाटली फुटू शकते. शिवाय शिळ्या आम्लराजाचा जोरही कमी झालेला असतो. दोन्ही आम्ले प्रत्येक बीकरमध्ये त्याच वेळी घालावीत.

माती चुनखडीची असेल, तर पहिल्या काही थेंबांनाच जोरदार फेस येतो. अशा वेळी आम्ल थेंबाथेंबाने घालून प्रत्येक वेळी फेस बसू द्यावा. माती काळी आणि सेंद्रिय द्रव्याने भरलेली असेल, तर क्रम बदलावा: प्रथम फक्त नायट्रिक आम्ल, मग थंड झाल्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थोडे थोडे थेंब, आणि फसफसणे पूर्ण थांबल्यावरच हायड्रोक्लोरिक. अशी माती सरळ गरम नायट्रिक आम्लात टाकणे म्हणजे अपघाताला निमंत्रण.

यानंतर वॉच ग्लासने, म्हणजे काचेच्या उथळ बशीने, झाकून बीकर रात्रभर, निदान १६ तास, फ्यूम हूडमध्ये थंडच ठेवावा. घाईत असलेले लोक सर्वात आधी हीच पायरी गाळतात, आणि याच गाळण्यावर माझा सर्वात मोठा आक्षेप आहे. रात्रभरात सेंद्रिय द्रव्याचा मोठा भाग शांतपणे जळून जातो, तपकिरी वायू हळूहळू निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी तापवताना बीकर उतू जात नाही. उतू गेलेला बीकर पुसून पुढे चालू ठेवता येत नाही. तो नमुना संपला, नवे वजन करावे.

आता तापवणे, म्हणजे माझी जुनी चूक. प्लेटच्या मधोमध आणि कडेला तापमान सारखे नसते. माझ्या प्लेटवर मधला बीकर दोन तासांत कोरडा पडत असे, तर कोपऱ्यातला जेमतेम वाफाळत असे. बीकर कोरडा पडला की लोह आणि ॲल्युमिनियमचे क्षार अविद्राव्य ऑक्साइडांत बदलतात, विरघळलेली सिलिका घट्ट होते, आणि दोघेही आपल्याबरोबर शिसे व इतर धातू धरून ठेवतात. पुन्हा आम्ल घालून ते पूर्णपणे परत मिळत नाहीत. नमुन्यात आर्सेनिक असेल, तर ते क्लोराइडच्या रूपात हवेतच निघून जाते. कोरड्या पडलेल्या बीकरमध्ये थोडे आम्ल ओतून काम पुढे रेटण्याचा सल्ला मला स्वतःला मिळाला होता आणि मी तो पाळलाही होता. माझे निम्मे चुकीचे आकडे तेथूनच आले. बीकर कोरडा पडला, तर तो टाकावा. याला अपवाद नाही.

म्हणून प्लेटवर एक जास्तीचा बीकर ठेवावा, त्यात पाणी आणि थर्मामीटर असावा, आणि बटण कुठेही असो, त्या बीकरमधील तापमान ९५ अंशांच्या जवळ येईल असे ते फिरवावे. हा बीकर एकदा मध्यभागी आणि एकदा कडेला ठेवून पाहावा. फरक पाच अंशांपेक्षा जास्त असेल, तर कडेची जागा वापरू नये. त्याहून चांगले म्हणजे भोके असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा वापरणे, ज्यात नळ्या निम्म्यापर्यंत बुडतात. मी प्लेट सोडून ठोकळ्यावर आलो तेव्हा तीन समांतर नमुन्यांतील फरक पहिल्याच आठवड्यात आटोक्यात आला. वॉच ग्लास झाकलेलेच ठेवून दोन तास तापवावे, द्रवाची पातळी दर वीस मिनिटांनी पाहावी, आणि ती निम्म्याखाली जाऊ लागल्यास विरल नायट्रिक आम्लाने भर घालावी. पहिल्या काही खेपांना बीकरवर पातळीची खूण करून ठेवल्यास नजर लवकर तयार होते.

शेवटी तळाशी फिकट, वाळूसारखा साका उरतो. नवीन माणूस तो पाहून घाबरतो आणि अजून दोन तास तापवतो. तसे करू नये. आम्लराज सिलिकेट खनिजे विरघळवत नाही, त्यामुळे हा साका उरणारच. साका तपकिरी किंवा काळपट असेल, तर मात्र सेंद्रिय द्रव्य शिल्लक आहे किंवा मळीचे कण आहेत, आणि काम अपुरे आहे. सिलिकेटमधील धातूही हवा असेल, तर हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. ते आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवलेले, खास प्रशिक्षण झालेले लोकच त्याला हात लावतात. प्रदूषणाच्या प्रश्नासाठी त्याची गरज सहसा पडत नाही, कारण बाहेरून आलेला धातू बहुतांशी खनिजाच्या आत नसून कणांच्या पृष्ठभागावर असतो. क्रोमाइट खनिजातील क्रोमियम मात्र आम्लराजाला जवळपास दाद देत नाही, हे लक्षात ठेवावे.

प्रत्येक खेपेत माती नसलेला, पण बाकी सर्व प्रक्रियेतून गेलेला एक कोरा बीकर, एकाच नमुन्याचे दोन बीकर आणि धातूचे प्रमाण माहीत असलेली एक प्रमाणित माती असावीच. प्रमाणित मातीचा दाखला वाचताना त्यावरील आकडा एकूण धातूचा आहे की आम्लराजात उतरणाऱ्या धातूचा, हे पाहावे. एकूण आकड्याशी तुलना करून क्रोमियम कमी आले म्हणून मी एकदा चांगली खेप टाकून दिली होती.

गाळणे आणि भरणे

थंड झाल्यावर गाळावे, साका विरल नायट्रिक आम्लाने दोनदा धुवावा, आणि ५० मिलिलिटरच्या मापी चंबूत खुणेपर्यंत भरावे. सर्व काचसामान आदल्या रात्री १० टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवलेले असावे.

मोजणे

ज्योतीच्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्रावर तांब्यासाठी ३२४.८, जस्तासाठी २१३.९, निकेलसाठी २३२.० आणि कॅडमियमसाठी २२८.८ नॅनोमीटर घ्यावे. शिशासाठी २१७.० ही रेषा अधिक संवेदनशील असली, तरी मातीच्या द्रावणात मी २८३.३ च पसंत करतो, कारण तिच्यावर पार्श्वभूमीचा गोंधळ कमी असतो. कोणतीही रेषा असो, पार्श्वभूमी दुरुस्ती, म्हणजे धातूखेरीज इतर गोष्टींनी अडवलेला प्रकाश वजा करणारी यंत्रातील सोय, चालू ठेवावी. क्रोमियम ३५७.९ वर मोजावे आणि शक्य असल्यास नायट्रस ऑक्साइड व ॲसिटिलीनची ज्योत वापरावी. हवा व ॲसिटिलीनच्या ज्योतीत लोहामुळे क्रोमियम दबते. प्रमाणित द्रावणे साध्या पाण्यात बनवू नयेत. नमुन्यात जेवढे आम्ल आहे तेवढेच त्यांतही असावे.

कॅडमियमची अडचण हिशोबानेच कळते. किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम असलेली १ ग्रॅम माती ५० मिलिलिटरमध्ये उतरवली, तर द्रावणात लिटरला ०.००४ मिलिग्रॅम उरते, आणि तेवढे ज्योतीला खात्रीने दिसत नाही. त्यासाठी ज्योतीऐवजी ग्राफाइट भट्टी किंवा द्रावण अतितप्त प्लाझ्मात सोडणारे आयसीपी यंत्र लागते.

हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे मातीवर क्ष-किरण टाकून थेट वाचन देणाऱ्या यंत्राने, हे सर्व टाळता येईल का, असे विचारले जाते. संशयित जागा झटपट हेरण्यासाठी ते उत्तम आहे. पण ओल्या मातीत त्याचे वाचन कमी येते, आणि आर्सेनिकची मुख्य रेषा शिशाच्या रेषेवर पडत असल्याने शिसे भरपूर असलेल्या जागेत त्याच्या आर्सेनिकच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

हिशोब आणि अहवाल

द्रावणातील (लिटरला मिलिग्रॅममधील) वाचनातून कोऱ्या बीकरचे वाचन वजा करावे, मिलिलिटरमधील आकारमानाने आणि द्रावण पुढे विरल केले असल्यास तितक्या पटीने गुणावे, आणि कोरड्या मातीच्या ग्रॅममधील वजनाने भागावे. वाचन १.७०, कोरे ०.०२, आकारमान ५० आणि कोरडे वजन १.०००, तर शिसे किलोला ८४ मिलिग्रॅम.

या आकड्याशेजारी 'आम्लराजात उतरलेले' हे शब्द लिहिलेच पाहिजेत. पिकाला उपलब्ध असलेला धातू ही वेगळी गोष्ट आहे आणि तो डीटीपीए या धातू बांधून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने काढतात: १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, सामू ७.३, दोन तास हलवणे. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत आणि त्यांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. त्याचप्रमाणे, बेसॉल्टसारख्या खडकापासून बनलेल्या मातीत निकेल आणि क्रोमियम निसर्गतःच अधिक असतात. म्हणून त्याच खडकावरील, पण कारखान्यापासून दूरच्या जागेचा एक नमुना सोबत मोजल्याशिवाय कोणत्याही जागेला प्रदूषित म्हणू नये. जे यंत्राच्या मर्यादेखाली आले, ते शून्य न लिहिता त्या मर्यादेपेक्षा कमी असे लिहावे.

उरलेली बारीक माती नाव, तारीख आणि ती किती खोलीवरची आहे ते लिहून प्लास्टिकच्या डबीत ठेवावी, कारण आकड्याविषयी वाद झाला तर पुन्हा वजन याच डबीतून करावे लागते. उरलेले आम्ल सिंकमध्ये न ओतता जड धातूंच्या वेगळ्या डब्यात जमा करावे, आणि त्या डब्याचे झाकण पहिले काही दिवस सैल ठेवावे.