धुवारी, धुराडी आणि आपला युरिया

रब्बी सल्ला, डिसेंबर-जानेवारी: चंद्रपूर आणि कोराडी-खापरखेडा भागासाठी

सकाळी वांग्याच्या पानावर अंगठा फिरवून बघा. करडी भुकटी लागली आणि खाली पान हिरवंगार निघालं, तर ती औष्णिक वीज केंद्राची राख. साध्या पाण्याच्या फवाऱ्याने ती धुऊन जाते. पण दहा वाजले तरी शिवारावर जी पांढुरकी झाकळ रेंगाळते, ती अंगठ्याला लागत नाही. ती बरीचशी चिमणीतून धूळ म्हणून निघालेलीच नसते, हवेतच तयार होते.

कोळशात थोडा गंधक असतोच. तो जळून सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. उन्हात त्याचं सावकाश सल्फ्युरिक आम्ल बनतं, पण धुक्याच्या थेंबात शिरला की हेच काम झपाट्याने उरकतं. आम्लाच्या वाफेतून एक-दोन नॅनोमीटरचे कण जन्मतात. ते टिकायला अमोनियाची साथ लागते, आणि हा अमोनिया मुख्यतः गोठ्यातून, उकिरड्यातून आणि उघड्यावर फेकलेल्या युरियातून येतो. दोघे मिळून अमोनियम सल्फेट होतं. म्हणजे पोत्यात मिळतं तेच खत, फक्त आपल्या डोक्यावर तरंगणारं! दमट हवेत हे कण पाणी ओढून फुगतात. थंडीत वर उबदार हवेचं झाकण बसलेलं असल्याने ते जमिनीलगतच कोंडतात आणि धुवारी दाट होते.

केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली. मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून बहुतेक केंद्रांना सूटही मिळाली. तिथे आपला जोर चालत नाही, युरियावर चालतो.

गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी पाणी देता, तेव्हा नत्राचा हप्ता पाण्याच्या तोंडावरच टाका. आज युरिया फेकला आणि वीज आली तर परवा पाणी, असं करू नका. आपली काळी जमीन चुनखडीची. वर पडून राहिलेल्या युरियाचा अमोनिया तिथे लवकर उडतो. कपाशी-भाजीपाल्यात ओळीलगत चर काढून खत मातीआड करा. शेणखताचा ढीगही झाकून ठेवा.

पालक, मुळा, लसूणघास या पिकांना सल्फर डायऑक्साइड लवकर बाधतो. शिरा हिरव्या, मधला भाग पांढरट किंवा तपकिरी, पानाच्या दोन्ही बाजूंनी तसाच, आणि वाऱ्याच्या दिशेने पट्टाच्या पट्टा दिसत असेल, तर बुरशीनाशकावर पैसे घालवण्याआधी कृषी सहायकाला पान दाखवा. फुलकिड्याचा चट्टा चंदेरी असतो, भिंगाखाली किडाही सापडतो.

हवेत गंधक आहे म्हणून जमिनीला मिळतोच, हा हिशेब धरू नका. भुईमूग, करडई घेणाऱ्यांनी माती तपासूनच ठरवावं. नवी पालवी पिवळी पडली तर गंधकाची शंका घ्या. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची.

राहिला तुरीचा फुलोरा. धुवारी आली की तो वाचवायला बांधावर ओला कचरा पेटवायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. धुराच्या कणांवर पाणी धरतं, म्हणजे धुक्याला आयतं बीज मिळतं, आणि ऊब जवळपास नाहीच. कडाक्याची थंडी असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्या, कचरा खड्ड्यात कुजवा.