नाकाच्या सावलीपासून सुरुवात : स्टुडिओ पोर्ट्रेटची प्रकाशयोजना

नवीन स्टुडिओ थाटणारे बरेच जण पहिल्याच खरेदीत तीन लाइट, म्हणजे स्टुडिओतले फ्लॅश, घेऊन येतात आणि पहिल्याच दिवशी ते तिन्ही एकदम लावून मोकळे होतात. फोटो उजळ येतो, मात्र चेहरा सपाट दिसतो, नाकाच्या दोन्ही अंगांना दोन सावल्या पडतात आणि त्यांतली कोणती सावली कोणत्या लाइटची, हे कळायला मार्ग राहत नाही. नागपुरातल्या महाल भागात दहा बाय चौदा फुटांच्या खोलीत मी स्वतः पहिले वर्ष असेच घालवले. त्यानंतर दोन लाइट कपाटात ठेवून दिले आणि एकाच लाइटने नाकाची सावली कुठे पडते, एवढेच पाहत काम सुरू केले. पोर्ट्रेटची प्रकाशयोजना शिकण्याचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही, म्हणून पुढची मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

लाइट लावण्याआधी खोली अंधारी करून घ्यावी लागते. उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षभर सारखाच मऊ उजेड मिळतो, हा जुना समज आपल्याकडे जपूनच घ्यावा. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्या खिडकीतून सरळ आत येते. तेव्हा जाड पडदा हवाच. कॅमेरा मॅन्युअलवर घेऊन आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे, ते) १००, शटर १/१२५ सेकंद आणि अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) एफ ८ ठेवावे, आणि फ्लॅश न पेटवता एक फोटो काढून पाहावा. तो पूर्ण काळा आला, तर ट्यूबलाइटचा किंवा दाराच्या फटीतला उजेड चित्रात शिरत नाही अशी खात्री होते. शटरचा वेग वाढवण्याचा मोह टाळावा, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या पुढे गेल्यास शटरचा पडदा फ्लॅशच्या आड येतो आणि फोटोच्या कडेला काळा पट्टा उमटतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्यातली नोंद, ५५०० केल्विनच्या आसपास कायम करून टाकावा. भिंतींकडेही एकदा पाहून घ्यावे. हिरवट किंवा निळसर रंग दिलेल्या छोट्या खोलीत तोच रंग भिंतीवरून परतून एका गालावर येतो, आणि तो एकाच गालावर असल्यामुळे नंतर संगणकावर काढता काढता नाकी नऊ येतात. पांढरी किंवा राखाडी भिंत स्वस्त पडते.

सराव माणसावर करू नये. माणूस दहा मिनिटांत कंटाळतो आणि नवख्याचा लाइट जुळेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळलेले असते. मी नागपुरातल्या मूर्तिकारांच्या चितारओळीतून महालक्ष्मीचा एक न रंगवलेला, कच्चा मुखवटा आणला. पूजेतल्या मुखवट्याला असे राबवणे कुणालाच रुचले नसते, म्हणून तो कशासाठी हवा आहे हे कारागिरांना आधीच सांगितले, तेव्हा त्यांनी हसून कानाशी टवका उडालेला एक मुखवटा काढून दिला. हा मुखवटा पापणी लववत नाही, घामत नाही, आणि त्याचे नाक सरळ व ठसठशीत असल्यामुळे सावली अगदी स्वच्छ वाचता येते.

मुखवटा बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर ठेवावा. लाइटवरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड पसरवणारी पांढऱ्या कापडाची पेटी, तूर्त काढून ठेवावा, कारण उघड्या लाइटची सावली कडेला धारदार असते आणि शिकताना तीच उपयोगी पडते. प्रथम लाइट कॅमेऱ्याच्या बरोबर वर, चेहऱ्यापेक्षा दोनेक फूट उंच धरून खाली झुकवावा. नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी, दोन्ही बाजूंना सारखी सावली दिसेल. १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या स्टुडिओंनी नायिकांसाठी ही पद्धत फार वापरली. आता लाइट त्याच उंचीवर ठेवून हळूहळू एका बाजूला न्यावा. नाकाची सावली दुसऱ्या बाजूला कलते आणि ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने तिरपी उतरते, पण गालाच्या सावलीला अजून टेकत नाही. याला लूप म्हणतात, आणि दहांपैकी सात चेहऱ्यांना मी हाच लाइट लावतो. आणखी पुढे, साधारण ४५ अंशांपर्यंत गेल्यावर एक क्षण असा येतो की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण तेवढा उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या चित्रांतल्या चेहऱ्यांवर असा उजेड दिसतो म्हणून या मांडणीला त्याचे नाव मिळाले. हा त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब होऊ देऊ नये. लाइट पूर्ण बाजूला नेला की चेहऱ्याचे दोन तुकडे होतात, एक उजळ आणि एक काळा. कलावंतांच्या आणि पैलवानांच्या फोटोला तो शोभतो, लग्नासाठी स्थळांकडे पाठवायच्या फोटोला मुळीच नाही.

या चारही जागा मुखवट्यावर डोळे मिटून सापडू लागल्या की माणूस बसवावा. माणसाच्या बाबतीत एक गोष्ट नव्याने पाहायची असते, ती म्हणजे बुबुळातला उजेडाचा ठिपका. घड्याळाच्या काट्याप्रमाणे तो दहा किंवा दोनच्या जागी दिसला पाहिजे. ठिपका दिसेनासा झाला तर लाइट फार वर गेला आहे आणि भुवयांची सावली डोळ्यांत उतरली आहे, असे समजून स्टँड चार-सहा इंच खाली घ्यावे. खोल डोळ्यांच्या माणसासाठी ते आणखी थोडे खाली येते.

यानंतर सॉफ्टबॉक्स चढवावा. सॉफ्टबॉक्स मोठा असला की उजेड मऊ पडतो, हे अर्धेच खरे आहे. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिल्यावर तो किती मोठा दिसतो, यावर सावलीची कड ठरते. तीन फुटी सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून तीन फुटांवर असताना जी कड लोण्यासारखी विरघळते, तीच कड तो बारा फुटांवर नेल्यावर जवळजवळ उघड्या बल्बासारखी होते. उजेड मऊ करण्यासाठी लाइट दूर सारणारे अनेक जण मी पाहिले आहेत. दूर नेल्याने उजेड कमी होतो आणि सावलीची कड उलट धारदार होते.

अंतराचा दुसरा परिणाम पार्श्वभूमीवर होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे दोन स्टॉप घटतो (उजेड निम्मा किंवा दुप्पट झाला की एक स्टॉपचा फरक). समजा, माणूस पार्श्वभूमीच्या पडद्यापासून सहा फूट पुढे बसला आहे. लाइट चेहऱ्यापासून तीन फुटांवर असेल तर पडदा लाइटपासून नऊ फुटांवर, म्हणजे तिप्पट अंतरावर येतो आणि त्याला चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाइतकाच उजेड मिळतो. पांढरा पडदासुद्धा राखाडी दिसतो. तोच लाइट नऊ फुटांवर नेला तर पडदा पंधरा फुटांवर होतो, उजेडातला फरक जेमतेम दीड स्टॉपचा राहतो आणि पडदा खुलतो. एकच पडदा आणि एकच लाइट असताना पार्श्वभूमीचे तीन-चार रंग निघतात ते असे.

आता सावलीची बाजू. ती फार काळी वाटली की हात दुसऱ्या लाइटकडे जातो, आणि माझ्या पहिल्या वर्षातल्या बहुतेक चुका तिथेच झाल्या. एका साखरपुड्यातल्या जोडप्याचे फोटो मी दोन्ही बाजूंनी सारख्या जोराचे लाइट लावून काढले होते. मुलीच्या वडिलांनी प्रिंट हातात घेऊन, तिच्या नाकाला मिशा का फुटल्या, असे शांतपणे विचारले. सावलीच्या बाजूला आधी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरावा. थर्माकोलची स्वतःची सावली पडत नाही असे म्हटले तरी चालेल, इतका त्याचा उजेड पसरट असतो. तो चेहऱ्यापासून दीड फुटावर धरला की सावली भरते, तीन फुटांवर नेला की नुसती उघडते. उजळ आणि अंधाऱ्या गालांत एका स्टॉपचा फरक असेल तर प्रमाण दोनास एक, दोन स्टॉपचा असेल तर चारास एक. घरगुती फोटोंना पहिले प्रमाण पुरते. उलट चेहऱ्याला धार हवी असेल, तर थर्माकोलच्या जागी काळे कापड टांगावे. छोट्या पांढऱ्या खोलीत भिंतीच नको तितकी सावली भरून टाकतात, त्याला हाच उपाय आहे.

चेहरा किंचित वळवून बसवल्यावर लाइट कोणत्या बाजूला लावायचा, हा निर्णय चेहरा पाहून घ्यावा. कॅमेऱ्याकडे असलेला रुंद गाल सावलीत ठेवून पलीकडची अरुंद बाजू उजळली तर चेहरा निमुळता दिसतो. रुंद गाल उजळला तर बारीक चेहरा भरल्यासारखा वाटतो. भरलेल्या चेहऱ्याचा प्रत्येक माणूस निमुळते दिसू इच्छितो असे मात्र गृहीत धरू नये. सुरकुत्यांचेही तसेच. बाजूचा उजेड प्रत्येक सुरकुती कोरून काढतो, समोरचा मोठा आणि मऊ उजेड ती पुसतो. कपाळावर गोंदण असलेल्या आजींना मी आधी विचारतो, आणि त्यांचे उत्तर नेहमीच त्यांच्या नातवंडांच्या उत्तरापेक्षा वेगळे असते.

काळे केस आणि गडद पडदा एकमेकांत मिसळून जातात, तेव्हा दुसरा लाइट खऱ्या अर्थाने लागतो. तो मागून, वरून, अरुंद सॉफ्टबॉक्सला उजेड पसरू न देणारी जाळी लावून केसांवर टाकावा, आणि त्याचा एक कवडसाही नाकाच्या शेंड्यावर येत नाही ना, हे मुख्य लाइट बंद करून तपासावे. काळे केस उजेड पितात, त्यामुळे त्यांना मुख्य लाइटइतका जोर चालतो. पिकलेल्या केसांना तो निम्म्याहून कमी करावा. टक्कल असल्यास लाइट सरळ बंद करावा.

आपल्याकडच्या कामातला सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे सावळा चेहरा आणि पांढरे शुभ्र कपडे. दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे घातलेली कुटुंबे स्टुडिओत फोटोसाठी येतात, बौद्ध विवाहांतही पांढरा वेश असतो, आणि ऑटो एक्स्पोजरवर विसंबलेला छायाचित्रकार तिथे हमखास फसतो. कॅमेरा पांढऱ्या कापडाला पाहून सगळे चित्र गडद करतो आणि चेहरा कोळपतो. अशा वेळी उजेड मोजायचे हातातले मीटर हनुवटीखाली, लाइटकडे तोंड करून धरावे आणि चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजावा. मग कापडावरचा उजेड कमी करण्यासाठी लाइट थोडा उंच करून त्याचे तोंड वर उचलावे, म्हणजे चेहऱ्याला त्याची खालची कड लागते आणि साडीला उरलासुरला उजेड मिळतो. तेवढ्याने भागले नाही तर सॉफ्टबॉक्सच्या खालच्या तिसऱ्या भागापुढे काळे जाळीदार कापड टांगावे. साडीचे धागे प्रिंटमध्ये मोजता आले पाहिजेत. सावळ्या त्वचेवर फिकट उजेडापेक्षा चमक अधिक बोलते, म्हणून तिथे मोठा सॉफ्टबॉक्स किंचित बाजूला ठेवून गालाच्या हाडावर त्याचे रुंद, मऊ प्रतिबिंब येऊ द्यावे. चेहरा उजळवून गोरा करण्याची जी रीत अजूनही अनेक ठिकाणी आहे, ती मला प्रकाशयोजनाच वाटत नाही.

सोन्याच्या दागिन्यांचे आणि चष्म्याचे गणित एकच आहे: दोन्ही आरशासारखे वागतात आणि उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. चष्म्यात सॉफ्टबॉक्स दिसत असेल तर लाइट वर आणि बाजूला न्यावा, हनुवटी केसभर खाली घ्यायला सांगावी, आणि तरीही दिसला तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून काचा खाली झुकवाव्यात. नथीला मात्र प्रतिबिंब हवेच असते. थर्माकोलचा पांढरा तुकडा तिच्यासमोर आला की मोती गोल दिसतात, एरवी ते खडूचे ठिपके वाटतात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि स्टुडिओत कूलर लावावाच लागतो. सॉफ्टबॉक्स वारा धरतो. माझा एक लाइट वाऱ्याच्या एका झोताने आडवा झाला आणि त्याची काच फुटली, तेव्हापासून प्रत्येक स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी असते. कूलरची दमट हवा कागदी पडद्याला पोचे आणते आणि कपाळावर चकाकी चढवते, म्हणून फोटो काढायच्या पाच मिनिटे आधी पाण्याचा पंप बंद करावा, रुमालाने कपाळ टिपायला लावावे आणि नुसता पंखा चालू ठेवावा.

पासपोर्ट आणि परीक्षांच्या अर्जांचे फोटो, ज्यांवर घरखर्च चालतो, त्यांना दोन सारखे लाइट ४५ अंशांवर आणि पडद्यापासून तीन-चार फुटांचे अंतर पुरे. कुटुंबाचा फोटो असेल तर लाइट आठ-दहा फूट दूर न्यावा, नाहीतर लाइटच्या बाजूचा मामा पांढराफटक आणि पलीकडचा काका अंधारात, असे होते.

जमलेली मांडणी पुन्हा मिळावी म्हणून मी स्टँडला एक सुतळी बांधून ठेवली आहे. तिला तीन, चार, पाच आणि आठ फुटांवर गाठी आहेत. ग्राहक बसला की सुतळीचे टोक त्याच्या हनुवटीपर्यंत ताणायचे, गाठ पाहायची, स्टँडची उंची आणि लाइटचा जोर वहीत लिहायचा, आणि मगच शटर दाबायचे.