रोसेश भारी की इंद्रवदन? विनोदी पात्र जोखायची रीत

'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही हिंदी विनोदी मालिका बघणारे चार जण जमले की त्यातलं सर्वांत भारी पात्र कोणतं, कविता करणारा मुलगा रोसेश की त्याचा बाप इंद्रवदन, यावरून जुंपतेच. मात्र "मला तो आवडतो" याच्यापुढे गाडी सरकत नाही. खालच्या रीतीने पात्र तपासलं तर मत पुराव्यानिशी मांडता येतं. कधी कधी ते बदलतंही. २००४ ते २००६ मध्ये स्टार वनवर लागलेल्या या मालिकेतलं जवळजवळ प्रत्येक पात्र नीट घडवलेलं आहे, म्हणून सरावाला तीच घ्या.

आधी भाग निवडा. तीन पुरेत: एक सुरुवातीच्या दहांतला, एक मधला, एक अखेरचा. निव्वळ पहिल्या भागावरून निकाल देऊ नका, कारण तिथे लेखकही पात्राला चाचपडत असतो. अमेरिकन 'द ऑफिस'चा २००५ मधला पहिला भाग ब्रिटिश मूळ मालिकेच्या पटकथेवरून जवळपास तसाच उचललेला होता. त्यामुळे त्यातला बॉस मायकल स्कॉट हा खरा तर ब्रिटिश मालिकेतल्या बॉसची, डेव्हिड ब्रेंटची सावली वाटतो. दुसऱ्या सीझनपासून तो माणसांच्या प्रेमासाठी आसुसलेला झाला आणि मगच मालिकेने बाळसं धरलं. पहिल्या सहा भागांवर थांबलेला प्रेक्षक वेगळ्याच माणसाबद्दल बोलत असतो. मोबाइलवर फिरणाऱ्या दीड मिनिटाच्या तुकड्यांवरही विसंबू नका. तुकड्यात फक्त टाळीचं वाक्य उरतं, त्याआधीची चढण कापली जाते.

कागदावर चार रकाने आखा: कोण बोललं, कोणाला, हसू कशावर आलं (शब्द, चेहरा की घटना), आणि त्या क्षणी पात्राला काय हवं होतं. जाहिराती वगळता भाग साधारण २२ मिनिटांचा असतो. थांबत थांबत नोंदी करायला तासभर धरा. पहिल्यांदा मात्र कागद बाजूला ठेवून नुसतं बघा. नाहीतर हसूच येत नाही आणि रकाने रिकामे राहतात.

यातला चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. विनोदी पात्र त्याच्या हट्टावर उभं असतं. तो हट्ट एका वाक्यात लिहा: 'अमक्याला अमुक हवंय, पण तमुक आड येतं.' वाक्यात दोनदा 'आणि' आला तर हट्ट अजून सापडलेला नाही असं समजा. 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश मालिकेतल्या हॉटेलवाल्या बेसिलला हॉटेलात उच्चभ्रू पाहुणे हवेत, पण त्याचा स्वतःचा स्वभाव आड येतो. १९७५ आणि १९७९ मधले मिळून अवघे १२ भाग या एका वाक्यावर उभे आहेत.

आता 'साराभाई'तली माया, इंद्रवदनची बायको. तिला आपलं घर अभिजात हवंय, पण सून मध्यमवर्गीय आहे. सुनेचं मूळ नाव मनीषा. तेही मायाला इतकं साधं वाटलं की तिने त्याचं 'मोनिशा' करून टाकलं. अख्खी मालिका या एका नावात मावलेली आहे: सासूने बदलू शकलेली एकमेव गोष्ट म्हणजे नाव, बाकी मोनिशा आहे तशीच राहिली. आणि घरं समोरासमोर असल्यामुळे मायाला डोळे मिटून घ्यायचीही सोय नाही.

पुढची चाचणी अदलाबदलीची. पात्राचं हशा पिकवणारं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालून बघा. तरीही हसू आलं, तर तो नुसता विनोद होता, त्यात पात्राचं कर्तृत्व नाही. मायाचा 'मिडल क्लास' हा शेरा तिच्या मुलाच्या, मोनिशाच्या नवऱ्याच्या, म्हणजे साहिलच्या तोंडी घाला, तो लगेच नुसता उद्धट वाटेल. मायाच्या तोंडी हसू येतं, कारण ती ते मनापासून आणि मऊ आवाजात, जणू सुनेच्या भल्यासाठी म्हणते. तीन भागांत मिळून दहा वाक्यं तपासा. सहा-सात वाक्यं दुसऱ्या कुणालाच शोभत नसतील तर पात्र पक्कं आहे.

मग तोच भाग आवाज बंद करून बघा, आणि बोलणाऱ्याकडे नव्हे, ऐकणाऱ्याकडे. सुमीत राघवनचा साहिल इथे कळतो. त्याच्या वाट्याला टाळीची वाक्यं कमी आहेत, पण आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहून तो जे गिळतो, त्यावर निम्मा प्रसंग तोललेला असतो. अशा पात्रांना यादीत नेहमी खालचा नंबर मिळतो आणि तो अन्याय आहे.

हशा ध्वनिमुद्रित असेल तर तो मोजणीत धरू नका. 'मॅश' या लष्करी रुग्णालयावरच्या अमेरिकन मालिकेच्या निर्मात्यांनी शस्त्रक्रियागृहातल्या प्रसंगांना तो लावायचा नाही, हे वाहिनीकडून मान्य करून घेतलं होतं. त्याच भागातले हशा असलेले आणि नसलेले प्रसंग शेजारी ठेवून बघितले की कान आपल्याला किती फसवतो ते समजतं.

आता मूळ वाद. राजेश कुमारच्या रोसेशचा विनोद बराचसा आवाजात आणि कवितांत आहे, त्यामुळे आवाज बंद केला की तो निम्मा होतो. ही त्याची खोट नव्हे. अडचण हट्टाच्या रकान्यात आहे: रोसेशला 'मोमा'ची, म्हणजे आई मायाची, शाबासकी हवी असते आणि ती त्याला न मागता मिळते. आड कुणी आलंच नाही तर प्रसंग पुढे जाणार कसा? म्हणून कविता रंगते ती बाप समोर बसलेला असतो तेव्हा. सतीश शहांच्या इंद्रवदनला फक्त करमणूक हवी असते. त्यासाठी तो मोनिशाची बाजू घेतो, मायाला डिवचतो, रोसेशला सोलून काढतो. काडी टाकली की त्याचे डोळे आधी चमकतात, तोंड मागून उघडतं. आवाज बंद असला तरी ते दिसतं. इंद्रवदनशिवाय रोसेश अडतो, रोसेश नसला तरी इंद्रवदनचं काम चालतं. म्हणून पारडं इंद्रवदनकडे झुकतं.

मत लिहिताना पात्राचा हट्ट, तो दिसणारा एक प्रसंग आणि तुमच्या मताला न जुमानणारा एक प्रसंग, एवढं द्या. तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि समोरचा नेमका तोच प्रसंग काढून वाद जिंकतो. नटाचं कौतुक वेगळ्या परिच्छेदात ठेवा. सतीश शहा थोर नट होते, एवढ्याने इंद्रवदन चांगला लिहिलेला ठरत नाही. त्यासाठी चौथा रकानाच दाखवावा लागतो.