कोकणातल्या घराच्या खळ्यात लग्न करायचे असेल तर

मुंबई-पुण्यात नोकरी करणारी, पण मूळ घर सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत असलेली अनेक मुले-मुली आता हॉल न घेता गावच्या घरीच लग्न करू इच्छितात. इच्छा चांगलीच आहे. मात्र शहरातले डेकोरेटर गावात आणून खळ्याला, म्हणजे घरापुढच्या अंगणाला, हॉलचे रूप देणे म्हणजे घरचे लग्न नव्हे. कोणते काम कोणत्या माणसाने करायचे, हे नावानिशी ठरते तेव्हाच लग्न घरचे होते. म्हणून तयारीची सुरुवात माणसांपासून करावी.

आधी माणसांची संख्या ठरवा आणि ती घराच्या कुवतीवरून ठरवा. खळ्यात एका वेळी किती पाने मांडता येतात, विहिरीला त्या महिन्यात किती पाणी असते आणि शेजारच्या घरांत किती पाहुणे झोपू शकतात, या तीन गोष्टी पाहिल्या की आकडा आपोआप समोर येतो. पन्नास पानांची पंगत बसत असेल, तर तीन पंगतींत दीडशे माणसे आरामात जेवतात. त्यापुढे गेल्यास वाढणारे दमतात आणि शेवटची पंगत उपाशीपोटी ताटकळत राहते. ज्यांना बोलावता येत नाही त्यांच्यासाठी शहरात नंतर एक साधा चहापानाचा कार्यक्रम ठेवावा.

तुळशीचे लग्न झाल्यावर मुहूर्त सुरू होतात. पौष बहुतेक घरांत टाळला जातो. माझ्या मते मार्गशीर्ष आणि माघ हेच महिने कोकणातल्या घरच्या लग्नाला योग्य आहेत, कारण विहिरीत पाणी असते, हवा कोरडी असते आणि खळे नवे असते. मे महिन्यात चाकरमानी सुट्टीवर येतात हे खरे, पण तेव्हा विहिरी तळ गाठतात आणि वळिवाचा एक पाऊस सगळा मांडव भिजवून जातो. भटजींना विचारून गोरज मुहूर्त मिळाला तर अवश्य घ्यावा. ऊन उतरलेले असते आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवण्याचा नियमही सहज पाळता येतो.

खळ्याचे काम सर्वांत जास्त लक्ष देऊन करावे. पावसाळ्यानंतर खळ्यावर माती पसरून, पाणी मारून ती चोपण्याने चोपतात आणि वरून शेणाने सारवतात. मांडवाच्या खांबांचे खड्डे ही चोपणी होण्याआधीच खणून घ्यावेत, कारण चोपलेले खळे पुन्हा उकरले की तिथली माती कधीच नीट बसत नाही आणि नेमक्या त्याच जागी वयस्कर माणसांचे पाय मुरगळतात. शेवटचे सारवण लग्नाच्या दोन दिवस आधी व्हावे, म्हणजे ते पूर्ण वाळते आणि पैठणीच्या काठांना ओल लागत नाही. खांब पोफळीचे, आडवे वासे बांबूचे आणि वर नारळाची चुडते (सुकलेल्या झावळ्या) भिजवून विणलेली झापे, एवढ्यावर उत्तम मांडव उभा राहतो. झापे वाळली की चटकन पेट घेतात. तेव्हा चुली मांडवापासून दूर, ठिणग्या वाऱ्याने मांडवाकडे येणार नाहीत अशा बाजूला मांडाव्यात आणि होमाच्या जागेवर झापे न घालता ती उघडी ठेवावी. पाण्याने भरलेली दोन पिंपे जवळ असावीत. आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूच्या माळा यांपलीकडे सजावटीची गरज मला वाटत नाही.

पहिली अक्षत ग्रामदेवतेला द्यावी. देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते आणि जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणतात, तेव्हा लग्न साऱ्या गावाचे होते. त्यानंतर वाडीतल्या घरोघरी स्वतः जाऊन आमंत्रण करावे. व्हॉट्सअ‍ॅपवरची पत्रिका इथे पुरत नाही. याच फेरीत कामेही वाटून घ्यावीत: नारळ कोण खवणार, पाणी कोण भरणार, पाने कोण कापून आणणार, पंगतीत भात कोण वाढणार. ज्या काकूंच्या हाताला काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची चव आहे, त्यांना तेच काम द्यावे आणि बाकी स्वयंपाक गावातल्या आचाऱ्याकडे सोपवावा. वडे, सांबारे, वरण-भात, खीर आणि सोलकढी, एवढे पदार्थ पुरेत. केळीच्या पानावर ते जितके शोभतात तितके दुसऱ्या कशावरही शोभत नाहीत. शिवाय थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहेच.

आता खास आपुलकीच्या गोष्टींकडे वळू. माझ्या दृष्टीने घरच्या माणसांनी रचलेल्या मंगलाष्टकांइतकी जवळची गोष्ट दुसरी नाही. ती बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती (थांबा) आणि कडव्याच्या शेवटी ‘कुर्यात् सदा मंगलम्’. नमुन्यादाखल ही एक ओळ पाहा: ‘दारी मांडव, पोफळी डुलति या, आजीस आनंद हो’. आत्या, मामा, धाकटी बहीण यांना महिनाभर आधी एकेक कडवे लिहायला सांगावे, त्यांत घराचे, नदीचे, गेलेल्या आजोबांचे नाव यावे आणि अंतरपाटामागे उभ्या असलेल्या मुला-मुलीला ते पहिल्यांदाच ऐकू यावे. भटजींना मात्र आधी कल्पना द्यावी आणि मुहूर्ताच्या घटकेत मावतील इतकीच कडवी निवडावीत. रुखवतातही विकतचे न मांडता आजीची गोधडी आणि आईने केलेले लाडू मांडावेत. पाहुण्यांना निघताना घरच्या आमसुलांची पुडी द्यावी.

वीज, पाणी आणि स्वच्छतागृहे यांवर खर्च करताना हात आखडता घेऊ नये. भाड्याचा जनरेटर आणि पाण्याचा एक जादा टँकर ठरवून ठेवावा, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी किमान एक कमोडची सोय असावी.

लग्नाची नोंदणी गावच्या ग्रामपंचायतीत करता येते आणि ती नव्वद दिवसांच्या आत केलेली बरी. अर्जावर वधू-वरांसोबत तीन साक्षीदारांच्या आणि भटजींच्या सह्या लागतात, म्हणून भटजी दक्षिणा घेऊन निघण्याआधीच त्यांची सही घ्यावी आणि साक्षीदार शक्यतो गावात राहणारेच निवडावेत.