नोकरी सांभाळून एम.ए. : साहित्य आणि चित्र जोडणारा लघुप्रबंध कसा बांधावा

साहित्याला दुसऱ्या एखाद्या कलेशी जोडून एम.ए. करायचं असेल, तर "आवडीचा विषय घ्या, पुढचं आपोआप जमतं" हा सल्ला कानाआड करा. आपोआप काही जमत नाही. मी बँकेतली नोकरी सांभाळून मराठीत एम.ए. केलं, दिवाळी अंकांतल्या कथाचित्रांवर लघुप्रबंध लिहिला, आणि नंतर दहाबारा नोकरदार विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत त्यांच्यासोबत बसले. जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडतात. मीही तिथेच अडले होते.

प्रवेशाचं काम सोपं आहे. नोकरदाराला बहुधा दूरस्थ शिक्षणच परवडतं: नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, किंवा मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ केंद्र, ज्याला अजून सगळे आयडॉलच म्हणतात. एबीसी आयडी (श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमा होणारं ऑनलाइन खातं) आणि डीईबी आयडी (दूरस्थ प्रवेशासाठी लागणारा यूजीसीचा ओळख क्रमांक) आधीच काढून ठेवा. माहितीपुस्तिकेत संशोधन प्रकल्प, म्हणजे आपला लघुप्रबंध, कुठल्या सत्रात आहे ते पाहा. राज्याच्या नव्या दोन वर्षांच्या आराखड्यात तो तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा आहे. म्हणजे विषयाची जुळवाजुळव पहिल्याच वर्षी सुरू व्हायला हवी.

वेळेचा हिशोब एकदाच करा. इग्नूच्या मोजणीत एक श्रेयांक म्हणजे ३० तास. आठ श्रेयांकांचा एक विषय म्हणजे २४० तास, रोज एक तास दिला तर आठ महिने. एम.ए. दोन वर्षांतच उरकायचा हट्ट धरू नका, मुदत जास्त मिळत असेल तर ती घ्या.

आता अवघड जागा.

माझा पहिला विषय होता 'मराठी कथा आणि चित्रकला'. मी खूप राबले. दुसऱ्या प्रकरणात मराठी कथेचा इतिहास, तिसऱ्यात चित्रकारांची चरित्रं, चौथ्यात 'तुलना' नावाची अकरा पानं. मार्गदर्शकांनी मसुदा परत केला. वर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: "हे दोन निबंध आहेत." सहा महिने पाण्यात गेले, पण मार्गदर्शकांचं बरोबर होतं.

दोन कला शेजारी ठेवल्या म्हणजे अभ्यास आंतरविद्याशाखीय होत नाही. शीर्षकात 'आणि' आला की सावध व्हा. विषय प्रश्नाच्या रूपात लिहा आणि त्याची परीक्षा घ्या: यातली एक कला काढून टाकली तर प्रश्न उभा राहतो का? राहत असेल तर विषय चुकलाय. 'दिवाळी अंकांतली कथा आणि चित्र' हा विषय एक कला काढली तरी चालतो. 'कथेच्या शीर्षकाशेजारी छापलेलं चित्र वाचकाला शेवट आधीच सांगतं का?' हा प्रश्न मात्र एक कला काढली की उभाच राहत नाही. त्याला दोन्ही लागतात.

हा प्रश्न मला सुचला नाही, एका पानावर सापडला. जुन्या अंकातल्या एका कथेच्या पहिल्याच पानावर पाठमोरी बाई आहे, दाराच्या कडीवर तिचा हात. कथा वाचत गेले. बाई, तिचा दीर, घराची वाटणी; दाराचा कुठे उल्लेखच नाही. कडी येते ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एकदाच, आणि तिने दार उघडलं की नाही हे लेखक सांगत नाही. चित्रकाराने मात्र ती कडी उचलून कथेच्या दारातच आणून ठेवली होती. वाचक पहिलं वाक्य वाचण्याआधी त्या दाराशी जाऊन उभा राहतो. हे कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी पुढच्या तीन कथा त्याच बैठकीत तपासल्या.

म्हणून माझा आग्रह आहे: आधी चित्र, मग कथा. कथा झाकून ठेवा, वीस मिनिटं चित्र पाहा आणि जे दिसतं तेवढंच वहीत लिहा. कोण कुठे उभं आहे, नजर कुठे, रेघ जाड की बारीक, किती जागा कोरी सोडली आहे. 'सुंदर', 'भावपूर्ण', 'बोलकं' हे शब्द या वहीत येऊ देऊ नका. साहित्याच्या विद्यार्थ्याला कथानक सांगता येतं, पाहिलेलं लिहिता येत नाही; सवय होईपर्यंत चांगली तीस-चाळीस चित्रं लागतात. मग कथा वाचा आणि चित्रातला क्षण कोणत्या ओळीवर येतो तिथे पेन्सिलीने खूण करा. ओळच सापडली नाही तर तेही लिहा, ती नोंद सगळ्यात मोलाची.

त्यानंतर छपाई समजून घ्या. हे टाळलं की प्रबंध पोकळ होतो. रेषाचित्राचा लाइन ब्लॉक, म्हणजे फक्त रेघा छापणारा धातूचा ठसा, साध्या कागदावर स्वच्छ उठतो; छायाप्रकाशाच्या चित्राला हाफटोन ब्लॉक (छटा बारीक ठिपक्यांतून दाखवणारा ठसा) आणि गुळगुळीत कागद लागतो, आणि तो महाग. आतल्या पानांवर रेषाच का दिसतात याचं उत्तर चित्रकाराच्या आवडीत शोधत बसाल तर फसाल.

काळाची चौकट छोटी ठेवा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. तिथपासून आजपर्यंत धावू नका. मडगावात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केलं, म्हणजे चित्रकारच संपादक झाला. असं एखादं वळण धरा आणि त्याच्या पुढची पाच वर्षं घ्या. पंधरावीस कथा पुरतात.

अंक मिळवताना एक इशारा. ग्रंथालयांत जुने अंक बांधून ठेवलेले असतात, आणि बांधताना मुखपृष्ठं, जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढून टाकलेली असतात. मुखपृष्ठावर काम करायचं ठरवून मी दोन सुट्ट्या अशाच घालवल्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दोन्हीकडे जा, पण निघण्याआधी फोन करून नेमकं विचारा: अंक सुटा आहे की बांधलेला, मुखपृष्ठ आहे का? रद्दीवाल्याला आणि जुनी पुस्तकं विकणाऱ्यालाही सांगून ठेवा. फोटो काढाल तेव्हा चित्र एकटं कापून घेऊ नका, अख्खं पान घ्या. ज्या प्रश्नावर तुम्ही उभे आहात, तो चित्र आणि मजकूर यांच्या मधल्या जागेत आहे.

प्रकरणं पाडताना कथा एकीकडे आणि चित्रं दुसरीकडे, अशी वाटणी करू नका. प्रत्येक प्रकरणात दोन्ही हवीत: एक शेवट आधी सांगणाऱ्या चित्रांचं, एक शेवट लपवणाऱ्यांचं, एक मजकुरात नसलेलं काही दाखवणाऱ्यांचं.

संदर्भसूची पहिल्या दिवसापासून लिहा. टंकलेखन, बांधणी, सह्या यांसाठी महिना राखून ठेवा.

तोंडी परीक्षेला एक तरी मूळ अंक सोबत न्या आणि परीक्षकांच्या हातात ते पान उघडून द्या. फोटोकॉपीत रेघेची धार मरते. माझ्या वेळी परीक्षकांनी कडीवरचा तो हात पाहिला, पान उलटलं, शेवट वाचला आणि पुन्हा पहिल्या पानावर आले. पुढची वीस मिनिटं आम्ही त्या एकाच चित्रावर बोललो.